कॉन्ट्री, कप्तान आणि क्रोएशिया

सहा मित्र, एक शिडाची बोट, एड्रियाटिक समुद्रातली चार बेटं आणि सात दिवस. फोटो तर भन्नाट आलेच. पण फोटोत न आलेलंही बरंच काही आहे!

शिडाच्या बोटीवरची सुट्टी म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? पांढरंशुभ्र डेक, हातात थंडगार ग्लास, गॉगल, मागे निळंशार पाणी. जाहिरातीत असंच असतं. आता जाहिरातीत नसतं ते ऐका. आंघोळ तीन मिनिटांत उरकायची. टॉयलेटला हातपंप. झोपायची खोली म्हणजे फर्स्ट एसीचा कूपे, फक्त छताला एक खिडकी. आणि सात दिवस समोर तीच ती माणसं. हॉटेलात भांडण झालं तर दार आपटून लॉबीत जाता येतं. बोटीवर दार आपटलं तर ते सगळ्यांना ऐकू जातं, आणि बाहेर जायचं म्हटलं तर नुसतं पाणी!

तरीही सांगते, एकदा तरी जाच. फक्त कोणाबरोबर जाताय आणि पैशांचं काय ठरलंय, हे दोन प्रश्न तिकीट काढण्याआधी सोडवून टाका. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, असं माझं आता पक्कं मत झालंय.

चला, क्रोएशिया!

आमचा ग्रुप कॉलेजच्या कट्ट्यावरचा. नावं मुद्दाम देत नाही, वाचून सगळे माझ्या मागे लागतील. ठाण्याची सीए, पुण्याचा आर्किटेक्ट, डेंटिस्ट मैत्रीण आणि तिचा नवरा (ग्रुपमध्ये नवा, म्हणून अजूनही 'नवरोबा'), सॉफ्टवेअरमधला बंगळुरूकर आणि फ्रीलान्स लिहून पोट भरणारी मी. तिशी समोर दिसायला लागली, अर्ध्या जणांची होमलोन सुरू झाली, तेव्हा 'आता नाही तर कधीच नाही' म्हणत सप्टेंबर 2025 चा शेवटचा आठवडा ठरला.

क्रोएशियाच का? कारण शिकाऊ माणसांवर मेहरबान असा समुद्र आहे तो. किनाऱ्याला हजारावर बेटं, त्यातली वस्ती असलेली पन्नासच्या आत. एका बेटावरून दुसरं दिसतं, त्यामुळे 'आपण आता अमेरिकेला निघालो' ही भीती वाटत नाही. भरती-ओहोटी आपल्या कोकणच्या मानाने जाणवतच नाही, म्हणून बोट थेट गावाच्या धक्क्याला लावता येते. आणि उन्हाळ्यात दुपारी वायव्येकडून 'माएस्त्राल' नावाचा वारा येतो. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना? हा त्यातल्या खाऱ्या वाऱ्यांचा भाऊबंद. जमीन तापली की समुद्रावरून सुटतो, संध्याकाळी पडतो. छान हवा असेल तर घड्याळ लावावं असा!

शिवाय 1 जानेवारी 2023 पासून हा देश शेंगेनमध्येही आहे आणि तिथे युरोही चालतो. म्हणजे व्हिसा एक आणि नोटाही त्याच.

हिशेब असा झाला. चार केबिनच्या बोटीचं आठवड्याचं भाडं 2,700 युरो. आमच्यापैकी कोणाकडेच बोट चालवायचं लायसन्स नाही, त्यामुळे कप्तान हवाच. त्याचे दिवसाला 200 प्रमाणे 1,400. बेरीज 4,100, भागिले सहा. माणशी 683 युरो. वर डब्यात प्रत्येकाचे 250. युरोला शंभर रुपये धरले, तर विमान आणि व्हिसा सोडून माणशी 93 हजारांच्या आसपास.

हा 'डबा' म्हणजे आपली कॉलेजची कॉन्ट्री. बोटीवरच्या मंडळींमध्ये ही जगभरची पद्धत आहे. किराणा, धक्क्याचं भाडं, डिझेल सगळं कॉमन पैशांतून. कप्तानाचं जेवणही त्यातूनच. सीएने चिवड्याचा रिकामा डबा पुढे केला, झाकणावर मार्करने हिशेब लिहिला आणि म्हणाली, "यात हात घालायचा तर मला विचारून." पुढच्या सगळ्या नाटकाचा हीरो हा डबा आहे, लक्षात ठेवा.

पोमालो, पोमालो

बोट शनिवार ते शनिवार मिळते. शनिवारी संध्याकाळी ताबा, शुक्रवारी संध्याकाळी परत, दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊला बॅगा बाहेर. आमची सुरुवात स्प्लिटहून. रोमन सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीनंतर राहायला इसवी सन 305 च्या सुमारास इथे राजवाडा बांधला. त्या राजवाड्याच्या भिंतींच्या आत आजही लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत घालतात. 1979 पासून हा सगळा भाग जागतिक वारसा यादीत आहे. आर्किटेक्ट तिथेच हरवला. आम्ही उरलेले सुपरमार्केटमध्ये पाण्याच्या बाटल्या उचलत होतो.

कप्तान पन्नाशीचा, स्प्लिटचाच. बोलणं कमी. पहिल्याच तासात त्याने नियम सांगितले. पाणी जपून. (टाक्या सुमारे 500 लिटरच्या, माणसं सात. सोसायटीचा टँकर इथे येत नाही.) चार्जिंग इंजिन चालू असताना. टॉयलेटमध्ये जे तोंडातून पोटात गेलंय तेच जाईल, कागदसुद्धा नाही. आणि तो "खाली वाका" म्हणाला की कारण न विचारता वाकायचं, कारण शिडाखालचा आडवा दांडा डोक्यावरून फिरणार असतो. बाकी सगळ्याला त्याचं एकच उत्तर, "पोमालो." डाल्मेशियाच्या किनाऱ्यावर हा शब्द दिवसाला शंभर वेळा ऐकू येतो. हळूहळू, होईल, घाई कशाला? आपल्या कोकणातल्या एखाद्या काकांना हा शब्द लगेच आवडेल.

रविवारी ब्राच बेटावरचं मिल्ना. सोमवारी ह्वार बेटावरचं स्तारी ग्राद. मंगळवारी लांबचा पल्ला मारून विस. बोटीचा वेग ताशी पाच-सहा सागरी मैल, म्हणजे दहा-अकरा किलोमीटर. आपली पीएमटीही याहून जोरात जाते! पण इंजिन बंद करून पहिल्यांदा शिडं वर चढवली आणि बोट एका बाजूला कलून नुसत्या वाऱ्यावर पळायला लागली, तेव्हा सहाही जण गप्प झाले. आमच्या ग्रुपच्या इतिहासात हे पहिल्यांदाच घडलं.

स्तारी ग्रादबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. इसवी सनपूर्व 384 मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी हे गाव वसवलं आणि मागचं मैदान चौकोनी तुकड्यांत मोजून वाटून घेतलं. त्या वाटणीचे दगडी बांध आजही तसेच आहेत, आणि आतमध्ये द्राक्षं आणि ऑलिव्ह. 2008 मध्ये युनेस्कोने हे मैदान वारसा यादीत घेतलं. चोवीसशे वर्षं टिकलेली वाटणी! आपल्याकडे दोन भावांत बांध टिकत नाही, असं नवरोबा म्हणाला. तो ग्रुपमध्ये हळूहळू मुरत होता.

"माझं पोट बिघडलंय"

विस म्हणजे या भागातलं सगळ्यात बाहेरचं मोठं बेट. युगोस्लाव्हियाच्या काळात इथे लष्कराचा तळ होता आणि 1989 पर्यंत परदेशी माणसाला पाय ठेवायला बंदी होती. त्यामुळे हॉटेलांची गर्दी झालीच नाही. जुनी दगडी घरं, छोटी बंदरं, शांत गल्ल्या. मंगळवारी संध्याकाळी पोचलो आणि कप्तानाने आधीच सांगून ठेवलेल्या 'पेका'चा वास नाकात भरला. लोखंडी घुमटाखाली, वर-खाली निखारे ठेवून मटण किंवा ऑक्टोपस बटाट्यांबरोबर तासन् तास शिजवतात. काही तास आधी ऑर्डर द्यावी लागते. आयत्या वेळी गेलात तर मिळणार नाही.

जेवायला निघताना सीएने डबा उघडला. धक्क्यांची भाडी, किराणा, जेवणं. तीन दिवसांत डबा हलका झाला होता. "आणखी शंभर-शंभर काढा," ती म्हणाली. पेकाचं बिल ज्याचं त्याने वेगळं द्यायचं ठरलं होतं.

बंगळुरूकर म्हणाला, "कार्ड चालत नाहीये, उद्या देतो." आणि दोन मिनिटांनी, "तुम्ही जा रे, माझं पोट बिघडलंय."

मी फ्रीलान्सर आहे. छापून आलेल्या लेखाचा चेक तीन महिन्यांनी येतो. 'मी जेवून आलेय', 'सध्या डाएट चालू आहे', 'उद्या लवकर उठायचंय' ही सगळी वाक्यं मला तोंडपाठ आहेत, आणि बिघडलेलं पोट या यादीत फार वर आहे. शिवाय दुपारी त्याने चार थालीपीठं खाल्ली होती. पण जमलेल्या चारचौघांत कोणाला काय विचारणार? परत येताना त्याच्यासाठी मऊ भाकरीसारखी दिसणारी 'पोगाचा' घेऊन आले. आत अँचोव्ही नावाचे खारवलेले मासे आणि कांदा. बिघडलेल्या पोटाने ती दोन मिनिटांत संपवली.

युगो आला

बुधवारी आमचा स्टार प्रोग्रॅम होता. विसच्या शेजारी बिशेवो नावाचं इवलंसं बेट आहे आणि त्यात निळी गुहा. पाण्याखालच्या फटीतून ऊन आत शिरतं, पांढऱ्या तळावरून परततं आणि अख्खी गुहा आतून निळी उजळते. होडी आत जाईल असं तोंड 1884 मध्ये स्फोट करून केलं. दीडेक मीटर उंचीचं, म्हणजे डोकं खाली घालूनच आत जायचं. सकाळी अकरा-बाराच्या उन्हात सगळ्यात सुंदर दिसते म्हणे. 'म्हणे' अशासाठी की आम्ही ती पाहिलीच नाही.

पहाटेपासून आग्नेयेचा वारा सुटला होता. त्याला तिकडे 'युगो' म्हणतात. इथल्या दोन मुख्य वाऱ्यांची ओळख करून देते. ईशान्येकडून डोंगरावरून कोसळतो तो 'बुरा'. कोरडा, अचानक येणारा, झटक्यांचा. नावावर जाऊ नका, पण नाव शोभतं. आणि हा युगो. दमट, ढगाळ, दिवसभर हळूहळू चढत जाणारा आणि मागे मोठ्या लाटा घेऊन येणारा. युगोत माणसं चिडचिडी होतात, असा तिकडे पक्का समज आहे. जुन्या दुब्रोव्निक प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय टाळत, असंही सांगतात.

आमच्या बोटीवर मात्र नेमका तेव्हाच निर्णय घ्यायचा होता. आर्किटेक्ट म्हणाला, "एवढे पैसे भरून धक्क्याला बसायला आलोय का?" मतदान झालं. चार विरुद्ध दोन, जायचं! कप्तानाने कॉफीचा घोट घेतला आणि सांगितलं, "मतदान झकास झालं. बोट जाणार नाही. गुहाही आज बंद असते." विषय संपला. ऑफिसात टीम लीडला असं बोलून बघा!

मग दिवसभर पाऊस, काठीवर आपटणाऱ्या दोऱ्या आणि खालच्या केबिनमध्ये मेंढीकोट. दुपारी थोडा उघडला तेव्हा धक्क्यावरच्या कॅफेत एक बातमी कळली. या बेटावर चक्क क्रिकेट क्लब आहे! 1811 मध्ये विसजवळच्या लढाईत कॅप्टन विल्यम होस्टच्या ब्रिटिश जहाजांनी फ्रेंचांच्या ताफ्याला हरवलं, त्या काळात बेटावर ब्रिटिशांचा तळ होता आणि खलाशी इथे क्रिकेट खेळायचे. आजच्या क्लबला होस्टचंच नाव आहे. हे ऐकून बंगळुरूकर दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा हसला.

डब्यात किती आहेत?

रात्री वारा आणखी चढला. पत्ते वाटता वाटता सीए म्हणाली, "तुझे शंभर राहिलेत रे."

त्याने पत्ते खाली ठेवले. "नोकरी गेली माझी. जुलैमध्ये. अख्खी टीमच काढली."

वर दोऱ्या खडखडत होत्या. खाली कोणी बोलेना. पाच दिवस आम्ही काय बोलत होतो? अप्रेझल, ईएमआय, कोणाला किती हाइक. तो समोर बसून हो-हो करत होता.

आधी सीएच भडकली. "दोन महिने ग्रुपवर रोज अंगठे टाकत होतास. एक ओळ लिहिता येत नव्हती?"

"तिकिटं मार्चमध्ये काढली होती. पैसे परत मिळणार नव्हते. न येऊन काय सांगणार होतो तुम्हाला?"

"आम्ही भरले असते यार," आर्किटेक्ट म्हणाला.

"म्हणूनच नाही सांगितलं."

यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं. मित्राकडून पैसे घेणं सोपं नसतं, आणि मित्राला द्यायला लावणं तर त्याहून नाही. सीएच्या डोळ्यांत पाणी होतं, ते तिने डब्याच्या झाकणावरचा हिशेब पुसण्यात लपवलं.

तोंड उघडलं ते नवरोबाने. ग्रुपमध्ये सगळ्यात नवा, त्यामुळे जुनं काही मनात नसलेला. त्याने सरळ विचारलं, "डब्यात आत्ता किती आहेत?"

दुसऱ्या कॉन्ट्रीतून आलेलं बाकीच्यांचं ज्याला त्याला परत केलं आणि मोजलं. 212 युरो.

"सात माणसं, अडीच दिवस. शेवटी डिझेलची टाकी भरून द्यायचीय. एवढ्यातच बसवूया. सगळ्यांनीच. कोणी जास्तीचे काढायचे नाहीत."

ही दया नव्हती आणि उधारीही नव्हती. सगळ्यांना एकच नियम. बंगळुरूकर जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तांदूळ पाच किलो आहेत. मूगडाळ दोन." आणि पत्ते परत उचलले.

स्वस्तातले दोन दिवस

गुरुवारी सकाळी युगो ओसरला होता. कप्तानाला नवं बजेट सांगितलं. आम्हाला वाटलं, तो नाराज होईल. गडी खूश! म्हणाला, आता खरी बोट चालवू. इंजिन तासाला तीन-चार लिटर डिझेल पितं. वारा फुकट असतो. मग धक्क्यातून बाहेर पडायला आणि परत लागायला तेवढं इंजिन, बाकी सगळं शिडांवर. वारा समोरून असेल तर सरळ जाता येत नाही, आधी डावीकडे तिरकं, मग उजवीकडे तिरकं, असं नागमोडी जावं लागतं. दर वळणाला एकाने दोरी सोडायची, दुसऱ्याने ओढायची. पहिले तीन दिवस आम्ही प्रवासी होतो. या दोन दिवसांत खलाशी झालो. तळहाताला फोड आले, पण बोट वळवायला कप्तानाला ओरडावं लागेनासं झालं.

गुरुवारची रात्र ह्वारजवळच्या पाक्लेनी बेटांच्या एका खाडीत, नांगर टाकून. मरिनात एका रात्रीचे शंभर युरो सहज जातात, इथे शून्य. बंगळुरूकरने मुगाची खिचडी टाकली, वर सीएच्या आईचं लिंबाचं लोणचं. कप्तानाने तिसऱ्यांदा वाढून घेतली आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलला. दिवे बंद केल्यावर आकाश असं काही दिसलं की फोन कोणी बाहेर काढलाच नाही.

शुक्रवारी दुपारी माएस्त्राल परत आला आणि त्याच्या जोरावर आम्ही स्प्लिट गाठलं. डिझेल भरून डब्यात 37 युरो उरले. त्यांचं शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून आइस्क्रीम खाल्लं.

लगेच सगळं गोड-गोड झालं असं समजू नका. परतल्यावर दोन आठवडे सीए आणि तो एकमेकांशी बोलत नव्हते. पैशांचं नाही, लपवल्याचं तिला लागलं होतं. डिसेंबरमध्ये त्याला काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. ते मात्र त्याने ग्रुपवर त्याच दिवशी लिहिलं, आकड्यासकट. मग हळूहळू बाकीच्यांनीही आपापले आकडे सांगितले. दहा वर्षांची मैत्री आणि एकमेकांचे पगार आम्हाला पहिल्यांदा कळले! माझा सगळ्यात कमी निघाला, यात नवल नाही. पुढच्या ट्रिपचं बजेट आता सगळ्यात छोट्या आकड्यावरून ठरतं.

जायचंय? मग हे वाचा

कधी: सीझन मे ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट महाग आणि गर्दीचा. जून आणि सप्टेंबर बरा, पण सप्टेंबरअखेर हवा बिघडू शकते. एक दिवस रिकामा ठेवाच.

व्हिसा: शेंगेन. मोठ्यांची फी जून 2024 पासून 90 युरो. सेवा शुल्क वेगळं.

कप्तान: लायसन्स आणि रेडिओचं सर्टिफिकेट नसेल तर घ्यावाच लागतो. त्याला स्वतंत्र केबिन आणि जेवण द्यायचं असतं. हवामानाबाबत त्याचा शब्द शेवटचा.

डिपॉझिट: बोटीच्या नुकसानीपोटी मोठी रक्कम अडकते किंवा विमा घ्यावा लागतो. बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

बॅग: मऊ, घडी होणारी. कडक सूटकेस ठेवायला बोटीवर जागाच नसते. पांढऱ्या तळव्याचे बूट, वारा अडवणारं जाकीट, टोपीला दोरी.

मळमळ: गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी घ्या. त्रास व्हायला लागला की खाली केबिनमध्ये जाऊ नका. वर मोकळ्या हवेत बसून क्षितिजाकडे बघा.

शाकाहारी मंडळींनो: 'ब्लित्वा' मागा. पालकासारखी पालेभाजी, बटाटा, लसूण आणि ऑलिव्ह तेल. थोडी मिरची नेलीत तर घरची आठवण येणार नाही.

कॉन्ट्री: रक्कम आधी ठरवा, मोठ्याने बोलून ठरवा. कोणाचं 'पोट बिघडलं' तर सगळ्यांचंच बजेट खाली आणा.